दिवसभर ऑफिस आणि कुत्र्याची शू-शी: तुम्ही कसं जमवता?

उंबरठा:
आतापर्यंत आमच्यापैकी एकजण कायम घरून काम करायचा, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नाही. पुढच्या महिन्यापासून दोघांनाही रोज ऑफिसात जायचंय. सकाळी साडेआठला घर सोडलं की परतेपर्यंत साडेसहा. सरळसरळ दहा तास.

घरात ढमी आहे. वय तीन, वजन १८ किलो, जात विचारू नका, तिलाही माहीत नाही. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. पिल्लू असताना काय फरशा पुसल्या असतील तेवढ्याच, त्यानंतर घरात कधी घाण नाही. आणि मला काळजी नेमकी त्याचीच वाटते. दुसरं एखादं कुत्रं कोपऱ्यात उरकून मोकळं होईल, ही मात्र दाबून बसेल. तिला किती त्रास झाला ते आम्हाला कळणारही नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. अंगण नाही, पण गॅलरी बऱ्यापैकी मोठी आहे. दहा तास धरून ठेवणं कितपत चालतं? गॅलरीत सवय लावली तर बाहेरची सवय बिघडते का? दुपारी कुणाला बोलावत असाल तर घराची किल्ली देण्याइतका विश्वास कसा बसला?

"वेळ नाही तर पाळलं कशाला" हा प्रतिसाद पोचला असं समजून पुढचं लिहा.

नस्ती_उठाठेव:
पोचला म्हणताय तर परत लिहीत नाही :)

पण एक शंका. आमचा खंड्या रात्री दहाला आडवा होतो तो सकाळी सातलाच उठतो. मध्ये हूं की चूं नाही. नऊ तास धरतोच की! मग दिवसा दहा तासांना एवढं काय? मोठं, धडधाकट कुत्रं आहे. उगाच माणसांसारखे लाड करून आपण त्यांना नाजूक करतो, हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

कडूगोळी:
हा हिशेब दवाखान्यात रोज कुणीतरी सांगतं, म्हणून सविस्तर लिहिते. (मी डॉक्टर नाही, प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. औषधं विचारू नका.)

रात्री कुत्रं झोपलेलं असतं. खात नाही, पीत नाही, हलत नाही, दारावर बेल वाजत नाही, खिडकीतून मांजर दिसत नाही. दिवसा यातलं सगळं चालू असतं. सकाळी खाल्लेलं असतं, त्यावर पाणी प्यायलेलं असतं, घरात दहा चकरा होतात. हालचाल झाली की लागते. त्यामुळे रात्रीचे नऊ तास दाखवून दिवसाचे दहा मागता येत नाहीत.

आता आकडे. निरोगी कुत्र्याची लघवी दिवसाला साधारण दर किलोमागे २० ते ४० मिली होते. ढमी १८ किलोची, म्हणजे चोवीस तासांत ३६० ते ७२० मिली. ती ठेवायला मूत्राशय एकच आणि तेही काही पखाल नव्हे. मोठ्या कुत्र्याला चार ते सहा तासांनी बाहेर काढलं तर ते आरामात राहतं. सहा ते आठ म्हणजे ताणलेलं. दहा तास एखाद्या दिवशी निभावतील, पण रोजची व्यवस्था म्हणून नाही. स्वीडनमध्ये तर सरकारी नियमच आहे की दिवसा कुत्र्याला निदान दर सहा तासांनी बाहेर न्यायला हवं.

रोज रोज तुंबवून ठेवलं की लघवी घट्ट होते, जंतुसंसर्ग आणि खडे यांची शक्यता वाढते. लक्षणं लक्षात ठेवा: वारंवार बसते पण थेंबभरच होते, कुंथते, लघवीत लाली दिसते, सारखी खालची जागा चाटते. यातलं काहीही दिसलं तर "सवय बिघडली" म्हणून रागावण्याआधी डॉक्टर गाठा. आणि नर कुत्रा पाय वर करून उभा राहतोय पण लघवी येतच नाहीये, असं असेल तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, तसेच उचलून न्या. वाट खड्याने बंद झालेली असू शकते आणि तिथे तास मोजले जातात.

एक हात जोडून विनंती. "जाताना पाण्याचं भांडं उचलून ठेवतो, म्हणजे लागत नाही" हा उपाय कुणी सुचवायच्या आत सांगते: करू नका. १८ किलोच्या कुत्र्याला दिवसाकाठी साधारण लिटरभर पाणी लागतं. ते तोडलंत तर वर लिहिलेल्या खड्यांना आमंत्रणच.

नस्ती_उठाठेव:
पखाल आवडली. बरं, रात्रीचा मुद्दा मागे घेतला. मग उपाय काय? नोकरी सोडायची?

पाऊलवाट:
उपाय माणूसच. गॅजेटं, शू शोषणारं पॅड, गवत वगैरे सगळं नंतर. दुपारी दीडच्या पुढे-मागे कुणीतरी दार उघडलं की दहाचे पाच-पाच होतात आणि प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

आम्ही सुरुवातीला पैसे देऊन फिरवणारा मुलगा लावला होता. मुलगा चांगला होता, पण आमच्याच मनाची तयारी नव्हती. म्हणून आधी सुट्टीच्या दिवशी त्याला घरी बोलावलं, आम्ही सोफ्यावर बसून राहिलो आणि त्याने एकट्याने पट्टा लावून कुत्र्याला खाली नेलं. मग आम्ही घराबाहेर थांबलो. मग किल्ली दिली. एकदम किल्ली हातात देऊन "हा आमचा शेरू" म्हणून निघून जाऊ नका. कुत्र्याच्या बाजूने बघा, मालक घरात नसताना अनोळखी माणूस दार उघडून आत येतो. काही कुत्री अशा वेळी चावतात, आणि तो त्यांचा दोष नसतो.

त्याला सांगायच्या गोष्टी: पट्टा दार उघडायच्या आधी लावायचा, नंतर नाही. मानेतून डोकं काढून घेणारं कुत्रं असेल तर छातीचा पट्टा. लिफ्टमध्ये आधी डोकावायचं, दुसरं कुत्रं असेल तर थांबायचं. फोनवर बोलत फिरवायचं नाही. आणि परत आल्यावर दोन शब्दांचा निरोप, "शू झाली, शी नाही" एवढाच. संध्याकाळी आपण आलो की किती घाई करायची ते त्या निरोपावरून ठरतं. शी कशी होती हेही विचारायची लाज बाळगू नका. पातळ होती हे आपल्याला संध्याकाळी कळण्यापेक्षा दुपारी कळलेलं बरं.

पैसे देणं शक्य नसेल तर आजूबाजूला बघा. कुत्रं आवडतं पण पाळता येत नाही अशी माणसं प्रत्येक इमारतीत असतात. निवृत्त झालेले, कॉलेजची मुलं. फक्त गृहीत धरू नका, त्यांच्या सुट्ट्या आधी विचारून ठेवा.

मध्यरात्र:
पाऊलवाट +१. माझी पाळी रात्रीची, शेजारणीची दिवसाची. तिचा लॅब्रॅडोर मी दुपारी बाहेर काढते, माझी म्हातारी कुत्री ती रात्री झोपायच्या आधी काढते. पैशाचा व्यवहार नाही, त्यामुळे रुसवेफुगवे मात्र आहेत.

वाचनमात्र:
वाखूसा (वाचनखूण साठवली).

गच्चीवरची:
गॅलरीबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडे दुपारी येऊ शकेल असं कुणीच नव्हतं आणि पूर्ण भिस्त गॅलरीवर.

उंबरठा, बाहेरची सवय बिघडत नाही. उलटंच होतं, बाहेरच जायची पक्की सवय असलेलं कुत्रं गॅलरीत करायलाच तयार होत नाही. कुत्र्यांना पायाखाली काय आहे याची सवय लागते. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या वयातच पिल्लू ठरवायला लागतं की आपली जागा म्हणजे गवत, किंवा माती, किंवा सिमेंट. तुमची ढमी गवतावर जात असेल तर तिला फरशीवर प्लॅस्टिकचं पॅड दाखवून उपयोग नाही, ते तिच्या लेखी अंथरूण आहे. पसरट ट्रेमध्ये खरं गवत लावलेली माती ठेवा. नकली गवतही चालतं, पण त्याच्या खाली पाणी निथळायला जाळी हवी, नाहीतर आठवड्यात वास घर सोडायला लावेल.

सुरुवात सकाळच्या पहिल्या वेळेला करा, मूत्राशय भरलेलं असतं तेव्हा. पट्टा लावून गॅलरीत न्या, ट्रेवर उभं करा आणि स्वतः खांबासारखे उभे राहा. बोलू नका, खेळू नका. बाहेर केलेल्या शूने ओला झालेला कागद आधी त्या मातीवर टेकवून ठेवला तर वासाने काम सोपं होतं. पाच-सात मिनिटांत नाही झालं तर आत आणा, लक्ष ठेवा, थोड्या वेळाने परत. झालं की तिथल्या तिथे खाऊ, आत आल्यावर नाही. आत येऊन दिलेला खाऊ तिच्या हिशेबात आत येण्याचा असतो. एक ठरावीक शब्दही जोडून ठेवा, कुठलाही, पण घरातल्या सगळ्यांनी तोच. आमच्याकडे "चल उरक" आहे आणि पाहुण्यांसमोर म्हणायला जरा अवघड जातं.

मोठ्या कुत्र्याला याला वेळ लागतो, आठवडेच्या आठवडे. म्हणून ऑफिस सुरू व्हायच्या आधीच हात घाला. एवढं करून काही कुत्री तुम्ही घरी असताना गॅलरी वापरतील आणि एकटी असताना नाही, हेही धरून चला. कठड्याच्या फटी तपासा, गॅलरीत सावली हवी, आणि पाणी खालच्या मजल्यावर ठिबकत नाही ना ते आधी बघा. ही शेवटची गोष्ट मी सगळ्यात वर लिहायला हवी होती, खालच्या काकू वाचत असतील तर :)

धुण्यासाठी फिनाईल नको. ते पंजांना लागतं, मग चाटण्यातून पोटात जातं, आणि विषारी आहे. अमोनियावाली द्रावणं वापरलीत तर तो वास लघवीसारखाच, कुत्र्याला वाटणार हीच जागा. ब्लीच लघवीवर ओतलं तर घातक वायू तयार होतो, बंद गॅलरीत तर अजिबात नको. एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं ते वापरा, किंवा ट्रेला नुसतं भरपूर पाणी आणि ऊन.

रिकामटेकडा_नाही:
धागा पळवतोय, क्षमस्व. आमच्याकडे तीन महिन्यांचं पिल्लू आलंय. दोघंही नोकरीला. पिंजऱ्यात ठेवलं तर करत नाहीत असं ऐकलंय, म्हणून क्रेट आणलाय. चालेल ना आठ तास?

कडूगोळी:
नाही चालणार. पिल्लाचं वय महिन्यांत मोजा, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास. तुमच्या पिल्लाचे चार, आणि तेही कमाल. जागं असताना, खेळताना त्याहून पुष्कळ लवकर लागते. झोपून उठलं की, खाऊन झालं की आणि खेळून झालं की न्यायचंच. खाल्ल्यावर आतडी हलायला लागतात, त्यामुळे पाच ते तीस मिनिटांत बहुतेक पिल्लं शी करतात. वेळ ठरवून खायला द्या, शीची वेळ आपोआप ठरते. दिवसभर भांडं भरून ठेवलंत तर दिवसभर ती कधीही.

क्रेटमध्ये कुत्रं स्वतःची झोपायची जागा घाण करणं टाळतं हे खरं. पण आठ तास कोंडलेल्या पिल्लाला पर्यायच उरत नाही, ते तिथेच करतं, त्यातच बसतं आणि ते टाळणं कायमचं विसरतं. मग अशा कुत्र्याला शिकवणं दुप्पट अवघड. त्यापेक्षा एक छोटी खोली किंवा जाळी लावून भाग आखा, एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला पॅड, आणि दुपारी माणूस हवाच.

आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला जिथे सगळी कुत्री फिरतात तिथल्या मातीवर उतरवू नका. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. किती लसी, कधी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

नस्ती_उठाठेव:
पिल्लू तीन महिन्यांचं आणि दोघंही नोकरीला. आता मात्र मला तो प्रतिसाद लिहावासा वाटतोय, आणि या वेळी हलके घ्या म्हणणार नाही. रजा काढा हो एकाने तरी, काही आठवडे.

रिकामटेकडा_नाही:
आळीपाळीने काढतोय. टोमणा मिळाला.

शेपूट_वाकडीच:
शिस्त लागत नाही याचं कारण कुणी ओरडत नाही. आमचा बाब्या घरात करतो तेव्हा मी आल्याआल्या त्याला तिथे नेऊन दाखवतो. त्याला पक्कं कळतं. मी दारात आलो की कान पाडतो, नजर चोरतो, पलंगाखाली जातो. चूक कळल्याशिवाय करेल का असं?

पाऊलवाट:
आणि तरी पुढच्या वेळी करतोच ना? मग काय कळलं त्याला?

कडूगोळी:
या "अपराधी चेहऱ्या"वर कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग आहे. चौदा कुत्री घेतली होती. मालकांनी खाऊकडे बोट दाखवून "नाही" म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर काहींना कुत्र्याने खाल्लं म्हणून सांगितलं, काहींना नाही म्हणून, आणि हे सांगणं दर वेळी खरं असेलच असं नाही. तो चेहरा मालक रागावले तेव्हा दिसला, खरंच खाल्लंय की नाही याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. उलट न खाताच बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो जास्त दिसला.

बाब्या तुमचा सूर आणि चाल ओळखतो. चार तासांपूर्वीची शू आणि आताचं ओरडणं यांचा मेळ त्याला लागत नाही. फार तर एवढं शिकेल की या माणसासमोर शू करायची नाही. मग बाहेर नेल्यावरही तुमच्यासमोर करणार नाही आणि घरी येऊन पडद्यामागे करेल.

शेपूट_वाकडीच:
पडद्यामागेच करतो :(

गच्चीवरची:
एकटा सोडल्यावर किती वेळात करतो तेही बघा. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावून ठेवा. तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच होत असेल, आणि सोबत भुंकणं, दार ओरबाडणं, लाळ गळणं असेल, तर ती मूत्राशयाची अडचण नाही, एकटेपणाची भीती आहे. त्याला दुपारचा माणूस पुरणार नाही, त्याचं वेगळं शिकवणं असतं. सहा-सात तासांनी होत असेल तर बिचाऱ्याला नुसती लागलेली आहे. आणि भिंतीवर, पायावर थोडी थोडी उडवत असेल तर ती हद्दीची खूण करणं, तो तिसराच विषय.

मध्यरात्र:
अजून एक. बाहेर नेल्यावर कुत्र्याने शू केली रे केली की लगेच घराकडे वळणारी माणसं मी रोज बघते, विशेषतः सकाळी ऑफिसच्या घाईत. कुत्री हुशार असतात. शू म्हणजे फिरणं संपलं, हे त्यांना पटकन कळतं आणि मग ती ताणून धरतात. तुम्ही घड्याळ बघता, ते गवत हुंगतं. उलटं करा. खाली उतरल्यावर एका जागी उभे राहा, उरकलं की मग बक्षीस म्हणून फिरायला न्या, दहा मिनिटं का होईना.

नस्ती_उठाठेव:
हे आमच्या खंड्याचं तंतोतंत. पाऊण तास फिरवतो हा मला सकाळी.

अवांतर: शू करायला किती वेळ लागतो यावर खरंच संशोधन झालंय. तीन किलोंच्या वरचे सस्तन प्राणी, कुत्रा असो की हत्ती, सरासरी २१ सेकंदांत मोकळे होतात. २०१५ चं इग् नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते) मिळालं त्याला. आणि त्याच्या आदल्या वर्षीचं मिळालं ते कुत्री शी करताना उत्तर-दक्षिण उभी राहतात या शोधाला. म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तर. खंड्या गोल गोल फिरतो ते होकायंत्र जुळवत असतो, मी उगाच चिडतो.

वाचनमात्र:
उद्या सकाळी मोबाइलमधलं होकायंत्र काढून उभा राहणार. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

मध्यरात्र:
माझ्या म्हातारीबद्दल लिहायचं राहिलं, कारण वर सगळे तरुण कुत्र्यांचं लिहितायत. ती झोपेतून उठली की अंथरूण ओलं असायचं. मला वाटलं, मी उशिरा येते म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये पुढे कधीतरी स्नायू सैल पडून झोपेत गळतं, तिला ते कळतही नाही. त्यावर औषध आहे. आणि म्हातारं कुत्रं अचानक जास्त पाणी प्यायला लागलं तर मूत्रपिंड, मधुमेह वगैरे तपासून घ्यायचं असतं. तेव्हा ढमीची आजची वेळ कायमची धरू नका, वयाबरोबर तास कमी होत जातात.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार, सगळं वाचलं. इतक्या दिवसांत बरंच ठरलं.

खालच्या मजल्यावरचे काका दुपारी काढतील. त्यांना कुत्रं हवं होतं, घरचे नाही म्हणायचे, त्यामुळे त्यांना आनंदच आहे. पाऊलवाटने सांगितलं तसंच टप्प्याटप्प्याने केलं. पहिल्या वेळी ढमी त्यांच्याबरोबर खाली गेली आणि काहीही न करता वर आली, आता करते. काका गावाला गेले की काय, म्हणून गॅलरीत गवताचा ट्रेही ठेवलाय. आम्ही समोर असलो तर तिथे करते, नसलो तर नाही. गच्चीवरची, तुमचा शब्द खरा ठरला. ते अजून चालू आहे.

कॅमेऱ्यात दिसलं ते असं: बहुतेक दिवस झोपून काढते. काका येऊन गेल्यावर पुन्हा झोप. आम्ही यायच्या आधीचा तासभर मात्र दार ते खिडकी, खिडकी ते दार. म्हणून ऑफिसात बोलून मी सकाळी लवकर जाते आणि लवकर निघते, नवरा उशिरा जातो आणि उशिरा येतो. दहाचे साडेआठ झालेत, त्यात मध्ये काका. शनिवार-रविवारीही वेळा तशाच ठेवतो, झोप गेली तर गेली.

आता एक नवीनच. गेल्या आठवड्यात बाहेर नेल्यावर ती दोन-तीनदा बसली, थोडी थोडी करून. कडूगोळी, तुमची यादी आठवली म्हणून लगेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लघवीचा नमुना आणायला सांगितलाय. मादीचा नमुना घ्यायचा कसा? ती बसते जमिनीला टेकून, मी वाकले की उठते.

कडूगोळी:
फोन केलात हे उत्तम. सकाळची पहिली घ्या. उथळ, पसरट झाकण किंवा ताटली घ्या, गरम पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडी केलेली, साबणाचा अंश नको. लांब दांड्याचा डाव असेल तर सगळ्यात सोपं, तुम्हाला वाकावंच लागत नाही. आधी तिला सुरू करू द्या, मग मागून हळूच सरकवा. समोरून गेलात की उठणारच. दोन-तीन चमचे पुरेत. स्वच्छ डबीत ओता, वेळ लिहा आणि लवकरात लवकर पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. जमिनीवर सांडलेलं भरून आणू नका, त्यातले जंतू मातीचे की तिचे ते कळत नाही. डॉक्टरांना जंतूंची वाढ तपासायची असेल तर ते कधीकधी सुईने थेट मूत्राशयातून घेतात, घाबरू नका.

नस्ती_उठाठेव:
आणि तो डाव नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

उंबरठा:
नवऱ्याने आजच विचारलं, डाव कुठे गेला म्हणून. नमुना दिलाय. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.